प्रदर्शनात गेलेली कडी

शाळेतल्या मुलींच्या संडासाला दार होतं, पण ते आतून लागत नव्हतं. हे मुख्याध्यापकांना माहीत होतं, शिपायाला माहीत होतं, वर्गशिक्षिकांनाही माहीत होतं. संडासाच्या भिंतीत एक काळा दगड बसवला होता. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांच्या शुभहस्ते या वास्तूचं लोकार्पण झालं, असं त्यावर सोनेरी अक्षरांत कोरलेलं होतं. शिपाई तो दगड नेमानं ओल्या फडक्यानं पुसायचा. फडकं पिळून तो दारासमोरूनच परत जायचा आणि दार वाऱ्यानं आपटत राहायचं.

शिक्षकांचा संडास वेगळा होता. टाइल्सचा, कुलूपबंद. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असायची. मीही ती मागून घ्यायचे आणि दर वेळी घेताना तोंड कडू व्हायचं.

त्या शाळेत मी कार्यानुभव शिकवायला लागले होते, तासिका तत्त्वावर. दारव्ह्याहून काळीपिवळी जीपमध्ये बसून जायचं, फाट्यावर उतरून पायी चालायचं. शिक्षण माझं इंडस्ट्रियल डिझाइनचं, नागपूरला झालेलं. रोजच्या वापरातली वस्तू माणसाच्या हाताला, अंगाला, सवयीला बसेल अशी कशी घडवायची, ते आम्हाला शिकवलं जाई. त्याआधीचं शिक्षण घरी झालं होतं. बाबा यवतमाळला एका कार्यालयात कारकून होते आणि कर्मचारी संघटनेचे कार्यकर्ते. आमच्याकडे गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षर गिरवलं आणि पाठ कोरी नसली की छापील बाजू वाचली. मागणी एका वाक्यात लिहायची, खाली सही करायची आणि मग मागे हटायचं नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

माझ्याआधी त्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलं कागदाची फुलं करायची. कशासाठी, तर पाहुणे आले की त्यांच्यावर उधळायला. कपाटात त्या फुलांची पोती भरलेली होती, वरच्या थरात उंदरांच्या लेंड्या. ते कपाट पहिल्याच दिवशी मला दाखवण्यात आलं आणि फुलं कमी पडायला नकोत असं बजावण्यात आलं.

मी फुलं बंद केली. सातवीच्या वर्गाला सांगितलं की या वर्षी आपण एकच वस्तू करायची, पण खरी. वापरायची. शाळेच्या आवारात तुम्हाला रोज त्रास देणारी एखादी गोष्ट सांगा. मुलांनी मला खूश करायला सुरुवात केली. प्रदूषण, एकानं सांगितलं. पाणी वाचवा, दुसरीनं सांगितलं. वृक्षतोड. त्यांना लहानपणापासून असलीच उत्तरं घोटून दिली होती. मी म्हटलं, कुंपणाच्या आतलं सांगा. मग पुढच्या बाकावरची एक बारकी मुलगी उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, संडासचं दार. मुलगे हसले. मुली हसल्या नाहीत.

त्या हसण्यातूनच बाकीचं बाहेर आलं. मुली सकाळपासून पाणी पीतच नव्हत्या. जायचंच झालं तर दोघींनी मिळून जायचं, एकीनं आत बसायचं, दुसरीनं बाहेरून दार धरायचं. त्यांच्या वर्गातली सगळ्यात उंच मुलगी दिवाळीपासून शाळेत आली नव्हती. एक दिवस तिच्याबरोबर जायला कुणी नव्हतं म्हणून ती एकटीच गेली, आणि आठवीच्या मुलांनी गंमत म्हणून दार ओढलं. एवढंच. त्या मुलांना कुणी काही बोललं नव्हतं. वर्गशिक्षिकेनं तिलाच विचारलं होतं, एकटी कायले गेली होतीस.

मी तिच्या घरी गेले तेव्हा घराला कुलूप होतं. माय-लेकी वावरात कापूस वेचत होत्या. आईनं माझ्याशी बोलताना वेचणं थांबवलं नाही. ती भांडली नाही, रडली नाही. पोरगी हुशार आहे, तिला शिकवायचंच आहे, पण अशा जागी पाठवणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"दार लागू द्या, मंग धाडतो तिले," ती म्हणाली. "तोवर इथंच बरी. इथं पऱ्हाटीचा तरी आडोसा हाये."

कापूस बोंडातून ओढताना ती पोरगी माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, आम्ही कडी करतोय, नुसत्या त्या तासाला येशील का. तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, तास झाला की घरी. असं ठरलं.

मला वाटलं होतं, कडी म्हणजे एका दिवसाचं काम. मी दारव्ह्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून सरकती कडी आणली, शिपायाकडून बसवून घेतली. कडी छान लागली. आठवडा संपायच्या आत लागेनाशी झाली. शिपाई म्हणाला, पोरींनाच वापरता येत नाही. मी मुलांना म्हटलं, आता कुणालाही दोष द्यायचा नाही, नुसतं बघायचं. सगळा वर्ग नाकाला फडकी बांधून त्या दारासमोर उभा राहिला. मी मुलग्यांनाही एकेकाला आत पाठवलं आणि दार एका हातानं धरून ठेवायला सांगितलं. आत बल्ब नव्हता. फरशी कायम ओली. वास डोळ्यांत जायचा. हसत आत गेलेले मुलगे बाहेर येताना हसत नव्हते.

कारण सापडलं ते उंच मुलीला. पत्र्याचं दार, लोखंडी चौकट, झिजलेल्या बिजागऱ्या. लहान मुलं त्या दाराला लोंबकळून झोका घ्यायची, त्यामुळे दार दररोज थोडं खाली बसायचं. कडीचा दांडा भोकाच्या खाली आपटायचा. दार उचलून धरलं की कडी बसायची, पण पाचवीतल्या पोरीला ते दार कुठून उचलणार.

"दार खाली येते," ती म्हणाली, "तं कडीनं बी खाली यायले पाह्यजे."

एवढ्या वर्षांत मला डिझाइनची गरज कुणी इतकी सरळ सांगितली नव्हती. आम्ही ती फळ्यावर लिहिली. खाली आणखी गरजा आल्या. अंधारात लागली पाहिजे. एका हातानं लागली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात पाण्याचा डबा असतो. सगळ्यात लहान मुलीचा हात पोचला पाहिजे. बाहेरून ओढलं तर सुटता कामा नये. आत कोणी आहे हे बाहेरून कळलं पाहिजे.

मग पुठ्ठे आले. किराणा दुकानातली खोकी फाडून मुलांनी खऱ्या मापाच्या कड्या केल्या. काही दोरीच्या, काही पेनाच्या स्प्रिंगच्या. एका मुलानं तर सायकलच्या ब्रेकची तार लावली होती, ती बिचारी सगळ्यात हुशार कडी होती आणि सगळ्यात आधी तुटली. शेवटी जी टिकली ती अगदी साधी. दारावरच्या एका खिळ्यावर फिरणारी पट्टी. सोडली की स्वतःच्या वजनानं खाली पडते आणि चौकटीवरच्या रुंद तोंडाच्या आकड्यात बसते. आकडा रुंद आणि खोल, म्हणून दार थोडं बसलं तरी पट्टी त्यात पडतेच. लोखंडाची पट्टी उंच मुलीनं घरून आणली. डवऱ्याची झिजलेली पास, माती कापणारं ते लांब पातं. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात तिला भोक पाडून घेतलं. मुलांनी कडा कानशीनं घासून बोथट केल्या, धरायच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळली. पट्टीच्या मागच्या टोकाला एक लाल झाकण लावलं. पट्टी पडली की ते दारातल्या फटीतून बाहेर दिसायचं.

चाचणीच्या दिवशी आठवीच्या मुलांना बोलावलं. दार ओढा, म्हटलं. आधी ते लाजले. मग ओढलं. मग जोर लावून, पाय टेकवून ओढलं. आत आमची बारकी मुलगी उभी होती आणि दर हिसक्याला विचारत होती, "अजून ओढाच ना भाऊ, नाश्ता नाई केला का?" सगळं आवार हसलं. दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून उंच मुलगी पूर्णवेळ शाळेत आली. तिच्या आईनं आधी स्वतः येऊन आत जाऊन, कडी टाकून, काढून पाहिली होती.

इथंच हे संपलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

संस्थेच्या सगळ्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून पहिल्यांदाच खुर्ची दिली. आमच्या कडीचा विषय व्हॉट्सॲप ग्रुपवर गाजत होता, अध्यक्षांनी वर केलेल्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं होतं. कडी प्रदर्शनात ठेवायची, असं ठरलं होतं. मी म्हटलं, छान, आमच्याकडे पुठ्ठ्याचे सगळे नमुने आहेत, तुटलेलेसुद्धा, ते मांडू. कडी कशी सुचली ते त्यातूनच कळतं. मुख्याध्यापकांचा चेहरा आंबला. अध्यक्षांसमोर फाटके पुठ्ठे मांडायचे का, त्यांनी विचारलं. नियमाप्रमाणे मूळ वस्तूच हवी. मी म्हटलं, मूळ वस्तू दारावर आहे, वापरात आहे. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे मॅडम, एवढे दिवस कडी नव्हतीच ना.

मी नाही म्हटलं. सरळ, तोंडावर. त्यांनी मान हलवली आणि मला वाटलं, विषय संपला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी माझी तासिका नव्हती. प्रदर्शनाच्या सकाळी थेट ते भरलं होतं त्या संस्थेच्या मोठ्या शाळेत गेले. सभागृहात झेंडूच्या माळा, अत्तर शिंपडलेलं, लाउडस्पीकरवर सनई. आणि आमच्या शाळेच्या टेबलावर, थर्माकोलच्या तुकड्यावर लाल मखमल ताणून त्यावर आमची कडी चिकटवलेली होती. तिला सोनेरी रंग दिला होता. ट्यूब मळकट दिसते म्हणून सोलून टाकली होती. लाल झाकणाच्या जागी प्लॅस्टिकचं गुलाबाचं फूल होतं. आदल्या दिवशी शिपायानं ती दारावरून उतरवली आणि चित्रकलेच्या सरांनी सजवली. पट्टी गोंदानं घट्ट बसवल्यामुळे हलत नव्हती. म्हणजे ती आता कडीही नव्हती.

आमच्या संडासात मी अनेकदा श्वास रोखून उभी राहिले होते, पण तिथून कधी पळून जावंसं वाटलं नव्हतं, इथून वाटलं. तिथली घाण माणसाच्या शरीराची होती, पाणी टाकलं की वाहून जाणारी. इथल्या घाणीवर अत्तर होतं.

उंच मुलगी टेबलामागे उभी होती. तिला नवी रिबन बांधली होती आणि चार वाक्यं पाठ करून दिली होती, स्त्रीसुरक्षेत अभिनव उपक्रमाचं योगदान वगैरे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, आज शाळेत पोरी कुठं जात असतील.

अध्यक्ष दुपारी आले. तोवर पाहुण्यांसाठी काजू होते, मुलांसाठी काही नव्हतं. मुलीला संडासला जायचं होतं. मी तिला घेऊन गेले. तिथला संडास उत्तम होता, आरसा, साबण, नवा टॉवेल, आणि बाहेर कुलूप. कुलुपाशेजारी बसलेल्या माणसानं सांगितलं की हा आज पाहुण्यांसाठी आहे, पोरांनी शाळेमागे जावं. शाळेमागे मंडपवाल्यांचे टेम्पो उभे होते आणि आडोशाला पुरुषांची रांग. मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, मला कायले बोलता बाई, मी आपला किल्लीवाला. मुलीनं माझा हात ओढला. राहू द्या मॅडम, म्हणाली, सवय हाये. आणि संध्याकाळपर्यंत ती आपल्याच सोनेरी कडीशेजारी पायाला पाय लावून उभी राहिली.

अध्यक्ष आमच्या टेबलापाशी थांबले. मागे मोबाइल वर झाले. त्यांनी प्रेमळ आवाजात विचारलं, बेटा, ही कशासाठी बनवली. मुख्याध्यापकांचे ओठ तिच्या पाठांतराबरोबर हलायच्या तयारीत होते. पण मुलगी पाठ केलेलं विसरली असावी, किंवा नसावीही.

"आमच्या संडासले कडी नोती म्हनून."

अध्यक्ष हसले. किती निरागस, ते आजूबाजूच्यांना म्हणाले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "आता आहे ना?"

"नाई," ती म्हणाली. "थे इथं हाये."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग अध्यक्षच मोठ्यानं हसले आणि त्यांच्यामागे सगळे. टाळ्या वाजल्या. शिक्षक, परीक्षक, शाल घालून बसलेली माणसं, सगळे हसले. एक पूर्ण वाक्य, मागणी एका श्वासात मांडलेली, आणि त्यांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. मी आजवर मोर्चे पाहिले, लाठ्या पाहिल्या, निवेदन न वाचता फाइलमध्ये टाकणारे साहेब पाहिले. पण मागणीवर खूश होऊन टाळ्या वाजवणारी माणसं मी तिथे पहिल्यांदा पाहिली, आणि लाठीवाल्यांपेक्षा मला यांची किळस जास्त आली.

कडीला पहिला क्रमांक मिळाला. दुसऱ्या दिवशी फोटो फिरले: अध्यक्षांच्या हातात मखमल, मखमलीवर कडी. कडी परत आली नाही. संस्थेच्या कार्यालयात काचेचं कपाट आहे, ढाली आणि करंडक ठेवलेलं, त्यात ती ठेवली गेली. मी कार्यालयात मागायला गेले. अध्यक्षांनी मला चहा दिला आणि समजावलं की ही आता संस्थेची शान आहे, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते ती दाखवतात. तुम्ही दुसरी करा ना, ते म्हणाले, मुलांना तेवढाच सराव. मी विचारलं, दुसरीही आवडली तर. ते म्हणाले, मग तीही दाखवू. ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते आमचं कौतुक करत आहेत.

शाळेत परतल्यावर कळलं, उंच मुलगी पुन्हा येत नाही.

त्या रात्री मी मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. वाक्यं आपोआप येत गेली, तापलेली, तासलेली. अध्यक्षांचं कपाट, काजू, कुलूप, काही सोडलं नाही. खाली सही केली. छापायला टाकण्याआधी ते घेऊन मी मुलीच्या वावरात गेले, कारण ते तिच्याबद्दल होतं आणि तिला न विचारता छापणं मला पटत नव्हतं. तिनं वेचलेल्या कापसाची कमरेची ओटी न सोडता, उन्हात उभं राहून सगळं वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. आई म्हणाली, बरोबर लिहिलं बाईनं. मुलीनं कागद नीट घडी करून मला परत दिला.

"यानं दार लागन का मॅडम?"

मी म्हटलं, दबाव येईल. ती बोंडं वेचत पुढे सरकली, मी मागून.

"थे चांगली दिसली म्हनून नेली त्यायनं," ती म्हणाली. "आता वाईट बनवा. असी वाईट, का कोनाले हात लावूशा वाटला नाई पाह्यजे."

पत्रक मी छापलं. पुढे त्याचं जे झालं ते पत्रकांचं नेहमीच होतं, न वाचताच ते फाइलमध्ये गेलं. पण त्या आठवड्यात वर्गात गेल्यावर फळ्यावरच्या जुन्या यादीखाली मी एक नवी गरज लिहिली: कुणी नेता कामा नये. मुलांनी खाली स्वतःच उपगरजा लिहिल्या. पान्यानं सुटू नये. मखमलीवर शोभू नये. अध्यक्षांना धरवू नये.

मला माझ्या कॉलेजात शिकवलं होतं की चांगली वस्तू हातात घ्यावीशी वाटली पाहिजे. इथे बारा-तेरा वर्षांची मुलं बाकांवर वाकून नेमकं उलटं काम करत होती आणि त्यांच्या इतक्या आनंदानं मी कुणालाच कधी काम करताना पाहिलं नव्हतं. एकानं पट्टीला डांबर फासायचं सुचवलं. नको, दुसरी म्हणाली, आपल्याच हाताला लागन. शेण सुचवलं गेलं आणि बाद झालं. आकडा चौकटीला स्क्रूनं न लावता थेट वेल्ड करायचा, पट्टीचा खिळा मागून ठोकून बोथट करायचा, हे पटकन ठरलं. पण चोरीला जाणार नाही एवढ्यानं भागत नव्हतं. अध्यक्षांनी वेल्डिंगवाला पाठवला असता. वस्तूच अशी हवी होती की ती मंचावर नेण्याची कल्पना कुणाला सुचू नये.

बारक्या मुलीनं दप्तराखालून आपला पाय वर केला. "चप्पल लावा ना."

सगळे थांबले. मग एकदम गलका झाला. ज्या माणसाला शाल द्यायची, हार घालायचा, त्याच्या हातात चप्पल कोण देणार. चप्पल दिसली की फोटो काढणारासुद्धा मोबाइल खाली घेईल. मुलांना हे मला समजावून सांगावं लागलं नाही, आपल्याकडे चपलेचं काय असतं ते त्यांना चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी घराघरांतून तुटक्या रबरी चपला आल्या. कुणाची सगळ्यात कळकट, यावर भांडणं झाली. मी त्या आधी साबणानं धुवायला लावल्या, याबद्दल मुलं माझ्यावर नाराज झाली. टाचेचा जाड भाग कापून, दोन बाजूंनी पट्टीवर बसवून, आरपार रिव्हेट ठोकले. आणि धरायला ती ट्यूबपेक्षा चांगली निघाली. ओल्या हातातून निसटत नव्हती. अंधारात बोटांना लगेच सापडत होती.

ही कडी पहिल्या कडीपेक्षा सरस होती. मला मात्र तिच्याकडे पाहून अभिमान वाटला नाही. चिडचिड झाली. आम्ही मुलांना काय शिकवून बसलो होतो? की तुझ्या कामाची वस्तू तुझ्याकडे राहावी असं वाटत असेल तर तिला अपमानाचं रूप दे. हे सातवीच्या पुस्तकात कुठेच नाही, आणि मी ते फळ्यावर लिहून घेतलं, आणि ते खरं निघालं. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

निरोप गेल्यावर उंच मुलगी आईबरोबर आली. या वेळी तिनं आईला बाहेर थांबवलं, स्वतः आत गेली आणि आतून म्हणाली, ओढ. आईनं ओढलं. कापूस वेचणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या हातांनी ओढलं. दार जागचं हललं नाही. आई वावराकडे निघून गेली आणि मुलगी वर्गात गेली.

मुख्याध्यापक मधल्या सुट्टीत आले. त्यांनी दारापाशी उभं राहून कडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हे काय आहे मॅडम, म्हणाले. शाळा आहे ही. उद्या कोणी आलं तर काय दिसेल. ही चप्पल तरी काढायला सांगा, आपण चांगलं हॅण्डल आणू, पितळी.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण उंच मुलगी माझ्या पुढे आली.

"निंगत नाई सर थे."

निघत कशी नाही, म्हणत त्यांनी हात पुढे केला. बोटं चपलेपासून वीतभर अंतरावर थांबली. तसाच हात हवेत थोडा वेळ राहिला, आणि मग त्यांनी तो पाठीमागे नेला. पाचवीतली एक मुलगी हातात डबा घेऊन त्यांच्यामागे ताटकळत उभी होती. "सर, सरका ना," ती म्हणाली. ते सरकले. ती आत गेली, आणि पट्टी आकड्यात पडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.